राजपुत्राच्या गालावरची सावली

ह्यांचा हात चांगला आहे, हीच आमची अडचण.

ग्वांगझूला असताना हे काचेवर चित्रं काढायचे. बंदरात उतरणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना आपल्याकडच्या बायका, होड्या, चहाचे मळे असलं काहीबाही काचेच्या मागच्या बाजूने रंगवून हवं असायचं. मागून रंगवायचं म्हणजे सगळंच उलट, डोळ्यातली चमक आधी आणि चेहरा सगळ्यात शेवटी. त्यात हे पटाईत. आमच्या प्रांताचे सुभेदार दरवर्षी चांगले कारागीर हेरून राजधानीला धाडतात. त्यांच्या माणसांच्या डोळ्यात ह्यांचं काम भरलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गल्लीत फटाके वाजले, सासूबाईंनी घरोघर भाजलेलं डुकराचं मांस वाटलं, आणि मीही खुशीत होते. माझे वडील शाळा चालवायचे. मुलांच्या मागे पडदा टाकून त्याच्याआड बसवून त्यांनी मला शिकवलं, त्यामुळे राजधानीबद्दल मी पुष्कळ वाचलेलं होतं. थंडीबद्दलही वाचलं होतं. पण ती कवींची थंडी होती. तिच्यात कोळशाचा धूर नव्हता, आणि तान्हं मूलही नव्हतं.

आमची मुलगी आ-तिम इथे आल्यावर झाली. पहिला हिवाळा तिने माझ्या पोटात काढला. दुसऱ्या हिवाळ्यात ती खोकायला लागली. इथे झोपायचा ओटा विटांचा असतो, खाली कोळसा पेटवून तापवतात. जाळ कमी केला तर पोर काकडते, वाढवला तर धुराने घुसमटते. मी सारखी उठून कधी जाळ ओढायची, कधी ढकलायची. तिच्या पाठीवर हात ठेवला की आत वाटीत वाळू हलावी तशी खरखर लागायची. वसंत आला तशी ती जरा बरी झाली. पण ती खरखर पूर्ण गेली नाही. मी अजून रोज हात ठेवून बघते. हे म्हणतात, "अगं, बघून बघून तूच तिला आजारी पाडशील." पण मी हात ठेवल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नाही. विचारत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघतात.

शेजारच्या गाओकाकूंनी त्यांच्या ओळखीचा म्हातारा वैद्य आणला. काकूंचा नवरा काचकामाच्या कारखान्यात आहे, पक्के इथलेच लोक. वैद्याने आ-तिमची नाडी धरली, कान पाठीला लावला, आणि मला म्हणाला, "ही छाती इथली नाही, बाई. हिला उबेत ने. पुढचा हिवाळा हिला इथे काढायला लावू नकोस."

"काढला तर?"

त्याने औषधाची पुडी बांधायला घेतली.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "तुम्ही दक्षिणेची माणसं म्हणजे भिजवलेल्या तांदळासारखी. जरा वारा लागला की चिरफाळ्या!" मग माझा चेहरा बघून त्यांनी आ-तिमला उचललं आणि तिच्या हातात वाफवलेल्या उंड्याचा तुकडा दिला. "तू हिला घेऊन एकटी का जात नाहीस गं?"

ते माझं आधीच विचारून झालं होतं. राजवाड्याच्या कचेरीचं म्हणणं असं की बायकोपोरं घरी गेली की कारागिराचं चित्त कामावरून उडतं. आम्ही इथे आहोत म्हणून हे इथे आहेत. कचेरीच्या परवान्याशिवाय दक्षिणेला जाणाऱ्या कालव्यावरचा कुठलाही होडीवाला आम्हाला बसवून घेणार नाही. गेलो तर तिघं, नाहीतर कुणीच नाही.

म्हणून हे काम करतात त्या बादशाही चित्रशाळेच्या कारभाऱ्याकडे रजा मागायला गेले. कारभारी म्हणजे दोंग नावाचा राजवाड्यातला खोजा. गोरागोमटा, हसरा. ह्यांनी गुडघे टेकून पोरीचं सगळं सांगितलं. तो चुकचुकला, आणि म्हणाला, "घरी जायचंय? सोपं आहे की! गेल्या साली सूचौहून एक जण आला होता. त्याने काढलेला घोडा बघून बादशहा म्हणाले, ही गाय झकास आहे. महिन्याभरात पठ्ठ्या घरी! तुला जमेल तसं? नाही ना? मग ऊठ, रंग वाळतायत तुझे."

हे घरी येऊन मला हे सांगत होते तेव्हा आवाजाची नक्कल करत होते. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तो घोडाच राहिला.

चित्रशाळेतलं काम कसं चालतं ते मला ह्यांच्याकडून कळतं. तिथे एक चित्र एकाचं नसतं. देवदार आणि खडक एक जण काढतो, अंगरख्यावरचे ढग आणि नाग दुसरा, खुर्ची आणि गालिचा तिसरा. चेहरे मात्र वेन गुरुजी काढतात. वेन गुरुजी परदेशी आहेत, पश्चिम समुद्रापलीकडचे. आपल्या देवाचा धर्म सांगायला आले होते, बादशहांनी त्यांच्या हाती कुंचला दिला. त्याला इतकी वर्षं झाली की त्यांची दाढी इथेच पांढरी झाली.

ते आले तेव्हाची गोष्ट चित्रशाळेत अजून सांगतात. एका राणीसाहेबांचं चित्र त्यांनी आपल्या पद्धतीने काढलं, उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला सावली. राणीसाहेबांनी ते बघितलं आणि दासीला आरसा आणायला सांगितलं. "माझं तोंड नीट धुतलं नव्हतं का गं?" म्हणाल्या. दासी रडायलाच लागली. तेव्हापासून गुरुजी शिकले. चित्र काढायचं त्या माणसाला ते भर दुपारी उजेडाकडे तोंड करून बसवतात, म्हणजे नाकाचीसुद्धा सावली पडत नाही. पण आपल्याकडच्यासारखी नुसती रेघ काढून ते थांबत नाहीत. गाल जिथे वळतो, पापणी जिथे दुमडते, तिथे फिकट लालीचे केसाएवढे फटकारे एकाशेजारी एक असे देतात की चेहरा पाण्यातून वर आल्यासारखा वाटतो. हे ना त्यांच्या देशात कुणी करतं, ना आपल्याकडे कुणी करत होतं. बादशहांना हेच हवं असतं. आणि गुरुजींखेरीज ते फक्त ह्यांना जमतं.

उन्हाळ्यात गुरुजींच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. श्रावणाच्या सुमारास एका धाकट्या राजपुत्राचं चित्र काढायचा हुकूम आला, तेव्हा ते दोंगला म्हणाले, "ह्या वेळी चेहरा मो तिंगचाओ काढेल. मी शेजारी बसेन." तिंगचाओ म्हणजे आमचे हे.

घरी आल्यावर ह्यांनी मला हे सांगितलं आणि आपलेच हात पालथे करून बघत बसले. मी आ-तिमला राळ्याची पेज भरवत होते.

"राजपुत्र केवढा आहे?" मी विचारलं.

"आपल्या तिमएवढाच असेल. थोडा मोठा. जागचा हलतो सारखा. दाई आमच्या मागून खुळखुळा वाजवते तेव्हा कुठे समोर बघतो."

"हसतो?"

"हो. पुढचे दोन दात दिसतात."

मी पेजेचा चमचा खाली ठेवला. "अहो, तुम्ही त्याच्या तोंडावर सावली टाका."

त्यांना कळलं नाही. मग कळलं. "वेडी आहेस का?"

"गुरुजींनी टाकली तेव्हा कुणी त्यांना मारलं नाही. हसले. तुमच्यावरही हसतील. म्हणतील, ह्याने परदेशी खोड उचलली, ह्याला आपला डोळाच राहिला नाही. चेहरे काढायच्या कामाचा नाही. पाठवा घरी."

"आणि राजपुत्राचं तोंड काळं केलं म्हणून फटके दिले तर?"

"त्याचा विचार मी केला नाही असं वाटतं तुम्हाला?"

आ-तिमला ठसका लागला, पेज नाकातून आली. मी तिची पाठ चोळत राहिले. तिचा चेहरा लाल होऊन मग फिकट झाला. ह्यांनी तिचं नाक पुसलं आणि कितीतरी वेळ ते फडकं हातात धरून बसले.

"दुसऱ्याचं लेकरू आहे गं ते," हे शेवटी म्हणाले. "अपशकुन असतो."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याची आई त्या भिंतींच्या आत कुठेतरी होती, आणि माझ्यासारखीच त्याच्या पाठीला हात लावून बघत असेल. मी तिच्या मुलाच्या गालावर काळं मागत होते. मनातल्या मनात मी तिची क्षमा मागितली, पण मागणं मागे घेतलं नाही.

ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रोज जायचे, यायचे. मी विचारायची नाही. अंगरखा झाला, मागचा पडदा झाला, कुत्र्याचं पिल्लू झालं असं हे आपणहून सांगायचे. चेहऱ्याचं काही बोलायचे नाहीत. मग एक दिवस संध्याकाळी आले, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसले.

"टाकली," म्हणाले.

"कुठे?"

"नाकाच्या डाव्या अंगाला. डोळ्याखाली थोडी. आणि जिवणीच्या कोपऱ्यात." त्यांनी आपल्याच तोंडावर बोट फिरवून दाखवलं. "लहान मुलाच्या चेहऱ्यावर थोडीही फार दिसते. आजारी वाटतो तो."

"गुरुजींनी बघितलं?"

"त्यांचे डोळे आज फार दुखत होते. लवकर गेले. उद्या सकाळी चित्र आत बादशहांकडे नेणार आहेत."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते न पिता त्यात बोटं बुडवली आणि घासत बसले. त्यांना वाईट काम जमलं होतं, पण ते अंगाबाहेर टाकता येत नव्हतं. मी त्यांची पाठही चोळली, आ-तिमची चोळते तशी.

दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी बांधाबांध सुरू केली. कालवा गोठायच्या आत निघायचं तर वेळ कमी होता. आ-तिमची दुलई, औषधाची हंडी, वडिलांनी दिलेली पुस्तकं. गाओकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, नवऱ्याला टाकून पळतेस का काय?"

"काकू, आम्ही कदाचित घरी जाऊ."

"कोण जाऊ देतंय?" त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "खरंच? अगंबाई! मग ती लोणच्याची बरणी मला देऊन जा. तुमची ती दक्षिणेची लोणची मला अजिबात आवडत नाहीत, पण बरणी चांगली आहे."

मी बरणी रिकामी करून त्यांना देऊन टाकली. आ-तिमला उन्हात बसवून मी तिला होडीचं सांगितलं. पाणी कसं हळूहळू हिरवं होत जाईल, मग केळी दिसतील, मग आजी दिसेल. तिला काय कळणार, ती केळीला हसली. त्या दिवशी ती फारशी खोकली नाही. मला वाटलं, हिच्या छातीलाही कळलंय.

हे दुपारीच परत आले. त्यांच्या दोन्ही हातांवर रेशमाचं आख्खं ठाण आडवं होतं, पिवळ्या कागदात गुंडाळलेलं. शिक्षा झालेल्या माणसाला कुणी रेशीम देत नाही. मी उभी होते ती खाली बसले.

"बादशहांना आवडलं," हे म्हणाले.

"सावली?"

"सावली नव्हती."

मग त्यांनी सांगितलं. सकाळी हे पोचले तेव्हा चित्र चौकटीवर चढवलेलं होतं आणि दोन खोजे ते उचलत होते. ह्यांनी पाहिलं तर राजपुत्राचा गाल लख्ख. नाकाच्या कडेला पांढऱ्यावर फिकट लालीचे फटकारे, डोळ्याखाली उजेड. जिवणीच्या कोपऱ्यातली सावली पुसून तिथे छोटीशी खळी केलेली. वेन गुरुजी बाजूला उभे होते, बोटांना ओला रंग. ते पहाटे सगळ्यांच्या आधी आले होते. त्यांनी ह्यांचा दंड दाबला आणि कानात म्हणाले, "घाबरू नकोस, बाळ. मीही हीच चूक केली होती. कुणालाच कळलेलं नाही."

"त्या डोळ्यांनी?" मी म्हटलं.

"त्या डोळ्यांनी. नाक कागदाला टेकवून केलं असेल."

बादशहांनी चित्र बराच वेळ बघितलं म्हणे. मग म्हणाले, "ह्याचा हात परदेशी गुरूचा आहे आणि डोळा आपला आहे. असा माणूस मी शोधत होतो." मो तिंगचाओला चित्रशाळेत कायम करावं, वेन गुरुजींनंतरचे सगळे चेहरे त्यानेच काढावेत, असा हुकूम झाला. दोंगने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "गाय नाही जमली तुला!" म्हणाला.

बादशहांचं ते वाक्य ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज किंचित वर गेला. मी त्यांच्याकडे बघितलं तसा लगेच खाली आला. पण मला ऐकू आलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. कुणाचाही आवाज वर गेला असता. तरी त्या क्षणी त्या ठाणासकट त्यांना दाराबाहेर ढकलावं असं मला वाटलं. मग आम्ही दोघांनी राजवाड्याच्या दिशेला तोंड करून कपाळं जमिनीला टेकवली, तसा रिवाज आहे. आ-तिमला तो खेळ वाटला. तीही आमच्या मधे येऊन वाकली आणि तिला खोकला आला.

तीन-चार दिवसांनी वेन गुरुजी आमच्या घरी आले. शिष्याचं अभिनंदन करायला, मुद्दाम, काठी टेकत. परक्या पुरुषासमोर मी जात नाही, म्हणून आतल्या खोलीच्या पडद्याआड चहाची केटली घेऊन बसले. पडद्याच्या कडेतून दिसत होतं. उंच माणूस, आमच्या छोट्या स्टुलावर गुडघे छातीशी येऊन बसलेला.

"चहा फार चांगली आहे," ते म्हणाले. इतकी वर्षं होऊनही त्यांची बोली अशीच. "तुझी बायको मला भीते का? मी माणूस खात नाही म्हणून सांग."

"सांगतो, गुरुजी."

आ-तिम माझ्या मांडीवरून निसटून पडद्याखालून बाहेर गेली. मी तिचा झगा धरायला हात घातला तोवर ती त्यांच्यासमोर होती. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि डोळे तिच्या अगदी जवळ नेऊन तिचा चेहरा बघितला, चित्र बघावं तसा. तिने त्यांची दाढी धरली. ते मोठ्याने हसले. तीही हसली, आणि तिला तो ठसका लागला. बराच वेळ थांबेना. गुरुजी तिची पाठ थोपटत राहिले.

"हे चांगली नाही," ते म्हणाले. "कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून," हे म्हणाले.

"नाशपाती उकडून द्या. खडीसाखर घालून. माझी आई देत होती." त्यांनी बाहीने तिचं तोंड पुसलं. "आमच्या गावाला तळं आहे. तळ्यावरून हिवाळ्यात गरम वारा येतो. तिथे मुलं खोकत नाहीत."

मला राहवलं नाही. मी पडद्याआडूनच बोलले. "गुरुजी, तुम्ही कधी घरी जायची रजा मागितली नाही?"

ह्यांनी दचकून पडद्याकडे बघितलं. गुरुजींना मात्र आवाज ऐकून आनंदच झाला असावा. ते पडद्याकडे वळून बोलायला लागले, पण थोडे बाजूलाच, मी नव्हते तिकडे.

"मागितली ना! पहिल्यांदा मागितली तेव्हा म्हणाले, आधी घोडे पुरे कर. पुरे केले. दुसऱ्यांदा मागितली तर मला मोठं घर दिलं. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा टोपीवर हा मानाचा मणी दिला." त्यांनी टोपीवरच्या निळ्या मण्याला बोट लावलं. "मग मी घाबरलो. आणखी मागितलं तर काय काय देतील!"

ते हसले. हे हसले नाहीत. मीही नाही. आमची शांतता त्यांना जाणवली असेल, कारण त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी आ-तिमच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला. मला वाटतं त्या हाताला ती खरखर लागली. त्यांनी मान तिरकी केली, ह्यांच्याकडे, मग पडद्याकडे, मग पुन्हा ह्यांच्याकडे.

"तिंगचाओ," ते अगदी हळू म्हणाले, "ती सावली. तुझा हात कधी चुकत नाही."

हे पेल्याखाली सांडलेला चहा बाहीने पुसत राहिले.

"तू मुद्दाम टाकली होतीस?"

मला पडदा बाजूला सारून ओरडायचं होतं, हो, मुद्दाम, आणि तुम्ही पुसलीत. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी कडेतून बघत होते. म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे पाणावलेले होते, दुखण्याने की कशाने कोण जाणे, आणि माझी पोर त्यांच्या गुडघ्याला टेकून त्यांच्या बाहीचं बटण चोखत होती. त्यांना खरं सांगून कालवा उघडणार नव्हता. हुकूम मागे फिरणार नव्हता. एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसली असती, इतकंच.

"नाही, गुरुजी," हे म्हणाले. "हात चुकला होता."

गुरुजी थांबले. माझ्याकडून काही येतंय का ह्याची वाट बघत होते.

"हातच चुकला होता, गुरुजी," मी म्हटलं. "हे घरी येऊन फार घाबरले होते."

त्यांनी मोठा श्वास सोडला. विश्वास बसला की बसवून घेतला, मला सांगता येणार नाही. त्यांनी चहाच्या पेल्यासाठी हात पुढे केला. तो पेल्याच्या अलीकडेच मेजावर पडला, मग चाचपत पुढे गेला.

"मग मी लवकर आलो ते बरं झालं," ते म्हणाले. "पुन्हा कधी हात चुकली तर लपवू नकोस. आधी मला सांग. मी आहे ना."

"हो, गुरुजी," हे म्हणाले.

आ-तिमला पुन्हा ठसका लागला. मी पडद्याखालून हात लांब करून तिला आत ओढून घेतलं आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "आपले फार उपकार झाले."